बाळंतपण ‘झालं’ की बाळंतपण ‘केलं’?

सोलापुरातल्या नव्या आयांसाठी माहितीपत्रक करतेय. मूळ मजकुरात ‘प्रसूतीपश्चात कालावधी’ आहे. आशाताईंनी (घरोघरी भेटी देणाऱ्या आरोग्य कार्यकर्तीनं) वाचून विचारलं, “म्हणजे बाळंतपणच ना?” पण बाळंतपण म्हणजे तर प्रसूती! तुमच्याकडे काय म्हणतात?

– दोन्ही अर्थ आहेत, क्रियापद बघा. ‘तिचं बाळंतपण सिव्हिलला झालं’ म्हणजे प्रसूती. ‘तिचं बाळंतपण आईनं केलं’ म्हणजे तेल लावणं, शेक-शेगडी, अळिवाची खीर, डिंकाचे लाडू, बाळाची रात्रपाळी, सगळंच. बाळंत होते एक आणि बाळंतपण करते दुसरी. (‘सासूनं तीन बाळंतपणं काढली’ यात सासूला मूल झालेलं नसतं!) मुदत विचाराल तर घरोघरी सव्वा महिना. सुश्रुतसंहितेत दीड महिना आहे. तेवढा पथ्यात काढला की तिचं ‘सूतिका’ हे नाव सुटतं. काहींच्या मते मात्र पुन्हा पाळी येईपर्यंत सुटत नाही. डॉक्टरही सहा आठवडेच धरतात आणि आशाताईंची बाळंतपणातली शेवटची घरभेट ४२ व्या दिवशी असते.

– ‘सुवेर’ चालेल का? छोटा शब्द आहे.

– नको हो. सुवेर विटाळाचं, दहा दिवसांत फिटतं, आणि ते भाऊबंदांनाही लागतं. त्यांना कुठली विश्रांती हवीय? ‘ओली बाळंतीण’सुद्धा नको, ते अगदी सुरुवातीच्या दिवसांचं.

– आमच्या पूर्वभागात तेलुगू घरांत ‘बालिंत’ म्हणतात. अक्कलकोटकडे कन्नड बोलणारे ‘बाणंती’, आणि तिच्या त्या दिवसांना ‘बाणंतन’. त्यामुळे ‘बाळंतीण’ कुणाला समजावून सांगावी लागणार नाही. ‘प्रसूतीपश्चात’ मात्र मराठी घरातसुद्धा सांगावं लागेल.

– मग शीर्षक ‘बाळंतिणीचे दीड महिने’ करा. ‘सव्वा महिना’ लिहिलंत तर शेवटच्या भेटीआधीच सगळं संपलं असं वाटेल. रजेला मात्र ‘प्रसूती रजा’च ठेवा, अर्जावर तोच शब्द असतो. शिवाय २०१७ च्या कायदादुरुस्तीनंतर ती पहिल्या दोन मुलांपर्यंत २६ आठवड्यांची आहे, दीड महिन्यात तिची गल्लत नको. आणि आत ‘अतिरक्तस्राव’ असेल तर तो आधी काढा. बायका ‘अंगावरून फार जातंय’ म्हणतात. त्यात ‘लाल’ घाला, नाहीतर पांढरं जाणं समजून घरीच बसतील.