रिसेप्टरला 'ग्राही' म्हणायचं की नको?

चिऊताई: उंदराच्या नवजात पिल्लांच्या झोपेवरचा लेख मराठीत करतेय आणि एका वाक्यात अडकलेय. ताणाचं हॉर्मोन कॉर्टिकोस्टेरॉन मेंदूत दोन तऱ्हेच्या रिसेप्टरांना, म्हणजे हॉर्मोनचा निरोप घेणाऱ्या पेशीतल्या रेणूंना, चिकटतं, एकाला दुसऱ्यापेक्षा साधारण १० पट सहज, म्हणून पहिला थोड्याशा हॉर्मोननेच भरतो आणि दुसरा ताण वाढला की मग. मी 'ग्राही' लिहिलं तर संपादक म्हणतात, लोक ग्राहक वाचतील.

खवट: लोक काहीही वाचतील, ग्राहीच ठेवा. शाळेच्या पुस्तकात 'संप्रेरक' चालतं ना?

गोठेवाला: खोबण म्हणा की. हॉर्मोन खोबणीत बसतं, चित्र डोळ्यासमोर येतं.

चिऊताई: पण खोबण गप्प बसते हो, हा पुढे पेशीला निरोप देतो.

खवट: आणि 'तणाव' लिहू नका, हिंदी आहे ते. ताण!

मिरची: झालं सुरू. आमच्या गावात दंगल झाली की तणावच असतो, ताण नाही. उद्या म्हणाल शर्ट नको, सदरा.

गोठेवाला: मूळ वाक्यात पिल्लं झोपेत काय करतात?

चिऊताई: पाय झटकतात, मिशा हलवतात. ॲक्टिव्ह स्लीप, बहुतेक झोप तीच. सक्रिय झोप लिहिलं की ऑफिसात डुलकी काढल्यासारखं वाटतं. साधारण चौथ्या ते चौदाव्या दिवसापर्यंत पिल्लांचं ताणाचं हॉर्मोन फारसं उसळतच नाही, आई चाटते, पाजते म्हणून. आईला २४ तास बाजूला ठेवलं की उसळतं. आणि मेंदूतून निघणारा ताणाचा पहिला निरोप, सीआरएच, त्याचे रिसेप्टर चेतले की मोठे उंदीर जागे राहतात.

मिरची: बाळ झोपेत हसलं की आजी म्हणायची सटवाई हसवतेय. चाळवलेली झोप म्हणा!

खवट: चाळवलेली म्हणजे मोडायला आलेली. ही मोडत नाही.

गोठेवाला: आमच्याकडे रेडकू झोपेत कान फडकवतं, त्याला कोणी नावच ठेवलं नाही. माशी बसली असेल म्हणतात.

मिरची: सटवाई की सटवी पण? आमच्याकडे सटवीच.

खवट: षष्ठी. सहावा दिवस, त्यावरून.

चिऊताई: अहो, रिसेप्टरचं काय? शुक्रवारी द्यायचाय लेख.

मिरची: रिसेप्टरच ठेव गं.

खवट: मग मराठीत करताय कशाला!