पायथनने हळदीच्या पट्ट्या सजवताना मथळे बिघडतात, रकाना काळा होतो, लाखाचा स्वल्पविराम चुकतो

दिवाणजी_सांगली

नमस्कार. सांगलीच्या मार्केट यार्डात हळदीच्या अडत दुकानात मी एकोणीस वर्षं दिवाणजी आहे. सौदा झाला की संध्याकाळपर्यंत शेतकऱ्याच्या हातात पट्टी द्यायची, हे माझं काम. कांडी की गड्डा, पोती किती, वजन, क्विंटलचा दर, हमाली, तोलाई, उचल वजा, आणि शेवटी निव्वळ रक्कम. हंगामात दिवसाला सव्वाशे पट्ट्या सहज होतात. इतकी वर्षं प्रत्येक पट्टीचे रकाने मी हाताने ठळक केले, रंगवले. डोळे आता साथ देत नाहीत.

दिवाळीत पुतण्याने ओपनपायएक्सएल (एक्सेलच्या फाईली हाताळणारी पायथनची लायब्ररी) वापरून पायथनची स्क्रिप्ट लिहून दिली. एका मिनिटात सगळ्या पट्ट्या तयार होतात, पण तीन गोष्टी अडल्यात. त्याची परीक्षा चालू आहे, म्हणून त्याला त्रास देत नाही.

पहिली: मथळे जुन्या, युनिकोडच्या आधीच्या मराठी फॉन्टमध्ये आहेत. स्क्रिप्ट चालवली की ते ठळक होतात, पण मराठी जाऊन इंग्रजी अक्षरं आणि चिन्हं उरतात. दुसरी: निव्वळ रकमेचा रकाना पिवळा हवा, तो काळाकुट्ट होतो. तिसरी मला सगळ्यात लागते. रक्कम १४८,६५० अशी छापली जाते. परवा जत तालुक्यातले एक आजोबा पट्टी हातात धरून बराच वेळ बघत राहिले आणि म्हणाले, "दिवाणजी, हे लाखाच्या वर हाय का खाली?" नऊ महिने राबून आणलेल्या मालाची रक्कम माणसाला स्वतःला वाचता आली पाहिजे. मला १,४८,६५० असंच हवंय.

कृष्णाकाठ_कराड

दिवाणजी काका, मी दूध संस्थेचे हिशोब करते. मथळ्यांचं हेच माझ्याकडेही झालं होतं.

जुन्या फॉन्टमध्ये फाईलीत मराठी अक्षरं नसतातच. आत इंग्रजी कळांचीच अक्षरं असतात, फॉन्टच्या नावामुळे ती मराठी दिसतात. नाव गेलं की मराठी गेली. ओपनपायएक्सएलमध्ये फॉन्ट ही एक अख्खी वस्तू आहे: नाव, आकार, रंग, ठळकपणा सगळं एकत्र. तुमच्या पुतण्याने "ठळक" एवढंच सांगून नवा फॉन्ट बनवला असणार. तो रकान्याला दिला की जुन्याचं नाव, आकार सगळं पुसलं जातं. त्याची चूक म्हणता येत नाही, कारण रकान्याच्या फॉन्टला थेट ठळक करायला गेलं तर एरर येते. लावलेली शैली तिथल्या तिथे बदलू देत नाहीत.

रकान्याच्या फॉन्टची आधी कॉपी करायची, त्या प्रतीत ठळकपणा बदलायचा, आणि ती प्रत पुन्हा रकान्याला द्यायची. पायथनमध्ये त्यासाठी कॉपी नावाचं मॉड्यूल आधीपासून असतं. तीन ओळींचं काम आहे. पण सवड मिळेल तेव्हा मथळे युनिकोडमध्ये टाइप करून घ्याच. दुसऱ्या कॉम्प्युटरवर तो जुना फॉन्ट नसेल तर स्क्रिप्ट कितीही बरोबर असली तरी उपयोग नाही.

तासगाव_बेदाणा

काळ्या रकान्याचं सांगतो. सॉलिड भराई असली की रंग "फोरग्राउंड"ला द्यायचा असतो, "स्टार्ट कलर" म्हणतात तोच. नावावरून वाटतं बॅकग्राउंड, म्हणून सगळे तिथे देतात आणि काळं होतं. कंडिशनल फॉरमॅटिंगमध्ये (अटीनुसार आपोआप रंग देण्यात) मात्र नेमकं उलटं, तिथे बॅकग्राउंडच द्यावा लागतो. माझी अख्खी दुपार यात गेली होती.

लाखासाठी नंबर फॉरमॅट असा द्या, जसाच्या तसा:

[>=10000000]##\,##\,##\,##0;[>=100000]##\,##\,##0;##,##0

कोटीच्या वर पहिला भाग, लाखाच्या वर दुसरा, बाकी सगळं तिसऱ्यात. एक्सेल अशा दोनच अटी घेतं, त्यामुळे उणे रकमेला जागा उरत नाही. उचल जास्त झाली आणि पट्टी उणे दीड लाखाची निघाली, तर ती तिसऱ्या भागात जाऊन पुन्हा १५०,००० सारखी दिसेल. मी बेदाण्याच्या हिशोबात म्हणून "देणे" आणि "येणे" असे दोन रकाने केलेत. दोन्हीत उणे चिन्ह येतच नाही, आणि शेतकऱ्यालाही ते लवकर कळतं.

दिवाणजी_सांगली

ताई, दादा, दोघांचे आभार. मथळे जागेवर आले, पिवळा पिवळा दिसतोय, रक्कमही बरोबर छापते. येणे-देणे वेगळं करण्याची सूचना मालकांनाही पटली.

पण वजनाच्या रकान्यावर कशाचाच परिणाम नाही. आकडे डावीकडे चिकटलेत आणि कोपऱ्यात हिरवा त्रिकोण आहे. वजनं काट्याच्या सॉफ्टवेअरमधून येतात, काही मी हाताने मराठी आकड्यांत भरतो.

कृष्णाकाठ_कराड

काका, तो हिरवा त्रिकोण म्हणजे आकडा मजकूर म्हणून साठवलाय. मजकुराला नंबर फॉरमॅट लागत नाही. फॉरमॅट देण्याआधी स्क्रिप्टमध्ये प्रत्येक वजनातला स्वल्पविराम काढा आणि फ्लोटमधून (मजकुराचा आकडा करणाऱ्या फंक्शनमधून) घाला. मराठी आकड्यांची काळजी करू नका, पायथनचं फ्लोट '९.८६' सुद्धा नीट वाचतं. एक्सेल मात्र मराठीत टाइप केलेला आकडा मजकूरच समजतं, बेरजेत धरत नाही. जुन्या पट्ट्यांच्या वजनाच्या बेरजा एकदा तपासून घ्या.

आणि फॉरमॅट अख्ख्या कॉलमला एकदम देऊ नका. आधीच भरलेल्या रकान्यांना (सेलना) तो लागत नाही, एकेका रकान्यावर फिरूनच द्यावा लागतो.

तासगाव_बेदाणा

आणखी एक. पट्टीवर दुकानाच्या नावाची चौकट एक्सेलच्या शेपमध्ये काढलेली असेल, तर ओपनपायएक्सएलने फाईल उघडून त्याच नावाने जतन केली की ती चौकट कायमची जाते. मूळ नमुना वेगळा ठेवा, पट्ट्या दुसऱ्या नावाने काढा.

दिवाणजी_सांगली

चौकट शेपमध्येच होती, आणि गेली. मागच्या महिन्याची प्रत पेनड्राइव्हवर सापडली म्हणून वाचलो. नाव आता साध्या रकान्यांत टाइप करतो.

बेरजाही तपासल्या. मागच्या हंगामातल्या दोन पट्ट्यांत मराठी आकड्यातलं प्रत्येकी एक पोतं बेरजेत आलेलं नव्हतं. दोन्ही शेतकऱ्यांना फोन केला, फरकाची रक्कम सोमवारी देतोय. रविवारी दुकान बंद असतं, तेव्हा बसून सगळे मथळे युनिकोडमध्ये करतो.