सभागृहातली शिवी : आपला तो बाब्या, दुसऱ्याचं ते कार्टं?

चौथा_बाक
५ जुलै २०२१. ओबीसींच्या इम्पिरिकल डेटाच्या (आरक्षणासाठी लागणाऱ्या प्रत्यक्ष आकडेवारीच्या) ठरावावरून विधानसभेत गदारोळ झाला. तालिका अध्यक्ष (अध्यक्षांच्या जागी कामकाज चालवणारे) भास्कर जाधवांना शिवीगाळ केल्याचा ठपका ठेवून तेव्हा विरोधात असलेल्या भाजपचे १२ आमदार वर्षभरासाठी निलंबित झाले. सत्तेत महाविकास आघाडी होती. भाजपने आरोप नाकारला आणि कारवाई लोकशाहीविरोधी ठरवली. १ जुलै २०२४ ला विधान परिषदेत आघाडीतल्या ठाकरे गटाच्या अंबादास दानवेंनी भाजपच्या प्रसाद लाडांना शिवी दिली. दुसऱ्या दिवशी पाच दिवसांचं निलंबन. आता आघाडी म्हणाली, बाजू ऐकूनच घेतली नाही. मग २०२१ मध्ये त्या बारा जणांची बाजू कुणी ऐकली होती? तोंड आवरायचा उपदेश दोन्हीकडचे करतात, पण फक्त समोरच्या बाकांना.

मधली_सुट्टी
दोन्ही प्रकरणं एका मापाने मोजू नका. दानवेंची शिवी कॅमेऱ्यासमोरची होती. त्यांनी लेखी दिलगिरी दिली, निलंबन तीन दिवसांवर आलं. २०२१ चा मुख्य आरोप अध्यक्षांच्या दालनातला, तिथे थेट प्रक्षेपण नसतं. आणि समोरचा घसरला की बोट दाखवायचंच, विरोधी पक्ष असतो कशासाठी? स्वतःचा इतिहास निर्मळ असेल त्यानेच बोलावं म्हटलं, तर सभागृहात कुणी तोंडच उघडणार नाही.

कलम१९०
बोट जरूर दाखवा, पण शिक्षेचं माप नियमात आहे. विधानसभा नियम ५३ : गैरवर्तन केलं तर त्या दिवसापुरतं बाहेर, त्याच अधिवेशनात पुन्हा केलं तर फार तर अधिवेशन संपेपर्यंत. २०२१ चं पावसाळी अधिवेशन दोनच दिवसांचं होतं. नियमाने गेलं असतं तर शिक्षा ६ जुलैला संपली असती, म्हणून ठराव आणून वर्ष केलं. सर्वोच्च न्यायालयाने २८ जानेवारी २०२२ ला तो रद्द केला. कारण साधं आहे. सदस्य परवानगीशिवाय ६० दिवस गैरहजर राहिला तर सभागृह जागा रिक्त जाहीर करू शकतं, आणि रिक्त जागेवर सहा महिन्यांत पोटनिवडणूक घ्यावी लागते. निलंबनात जागा रिक्त होत नाही, म्हणजे निवडणूकही नाही. बडतर्फीपेक्षा हे वाईट, कारण शिक्षा मतदारसंघाला होते.

चौथा_बाक
हे मान्य. शब्द वगळण्याचंही तेच. पीठासीन अधिकारी (सभागृह चालवणारे) 'तपासून काढून टाकतो' म्हणतात, शब्द इतिवृत्तातून जातो. तोवर क्लिप गावोगाव पोचलेली असते. शिवी ऐकावी लागलेल्याच्या हाती काहीच येत नाही. म्हणून म्हणतो, आपल्या माणसाला पहिली समज पक्षाच्या गटनेत्याने द्यावी, तीही त्याच दिवशी.

मधली_सुट्टी
गटनेता देणार नाही. बेंबीच्या देठापासून ओरडणारा आमदार पक्षाला हवा असतो, टीव्हीवर तोच दिसतो. हे काम खुर्चीचंच, म्हणजे अध्यक्ष-सभापतींचंच आहे, आणि ठराव न आणता. ठराव आला की बहुमत आलं, बहुमत आलं की बाजू आली.

कलम१९०
खुर्ची तरी भरलेली कुठे होती? फेब्रुवारी २०२१ मध्ये नाना पटोलेंनी विधानसभा अध्यक्षपदाचा राजीनामा दिला. विधानसभेला पूर्णवेळ अध्यक्ष मिळाले ते जुलै २०२२ मध्ये. परिषदेचं सभापतिपद जुलै २०२२ पासून डिसेंबर २०२४ पर्यंत रिकामं, काम उपसभापतींवर. दोन्ही प्रकरणं नेमकी या रिकाम्या काळातली आहेत, आणि खुर्ची रिकामी ठेवली तेव्हा दोन्ही वेळा सत्तेत वेगवेगळे पक्ष होते.