रेवदंड्याचा 1635 चा नकाशा आजच्या उपग्रहचित्रावर बसवायचा कसा?

अष्टागरची लेक

नमस्कार मंडळी,

माझं आजोळ रेवदंड्याचं. आजोबांची नारळ-पोफळीची वाडी कोटाच्या आत आहे. वाडीच्या मागच्या टोकाला, जुन्या विहिरीच्या पलीकडे, जाडजूड भिंतीचा एक तुकडा उभा आहे. त्यावर पिंपळ आलाय. आजी तिला 'फिरंग्याची भिंत' म्हणायची. पण ती तटाची, चर्चची की कुणाच्या वाड्याची, हे गावात कुणालाच सांगता येत नाही. मला ते शोधून काढायचं आहे. मामा वाडी विकायचं म्हणतोय, आणि नवीन मालक पहिल्या दिवशी जेसीबी आणेल याची मला खात्री आहे.

माझ्याकडे तीन नकाशे आहेत. पहिला बोकारोच्या 1635 च्या पोर्तुगीज ग्रंथातला चौलचा आराखडा, पेद्रो बार्रेतो द रेसेंदेने काढलेला (पोर्तुगीज आजच्या रेवदंड्यालाच चौल म्हणत). दुसरा सर्व्हे ऑफ इंडियाच्या जुन्या एक इंची (एका इंचात एक मैल) शीटचा स्कॅन, आजच्या क्रमांकाप्रमाणे 47 बी/14 च्या भागातला. तिसरा तलाठ्याकडचा गावनकाशा.

अडचण अशी, की क्यूजीआयएस या नकाशांच्या सॉफ्टवेअरमध्ये 1635 चा आराखडा बसवताना कोटातला सातखणी बुरूज जुळवला तर समुद्राकडचा तट पार पाण्यात जातो. तट जुळवला तर सातखणी भलत्याच्याच वाडीत जाऊन उभा राहतो. जुळवणीचे बिंदू वाढवले की चित्र आणखी वेडंवाकडं ताणलं जातं. आणि एक इंची शीट तर सगळीच्या सगळी कित्येक किलोमीटर बाजूला सरकलेली दिसते. कुणी मार्ग दाखवेल का?

---

साखळी-शंकू

ताई, मी भूमी अभिलेख खात्यात भूकरमापक होतो. आयुष्य कोकणातल्या मोजणीत गेलं, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

1635 चा आराखडा ताणू नका. तो मोजून काढलेला नकाशा नाहीच. आंतोनियो बोकारो हा गोव्यात पोर्तुगीज दप्तराचा प्रमुख. स्पेन-पोर्तुगालच्या राजाला पूर्वेकडच्या आपल्या किल्ल्यांची स्थिती कळावी म्हणून तो ग्रंथ झाला. तट किती, बुरूज किती, तोफा किती, माणसं किती, एवढंच राजाला हवं होतं. त्यामुळे चित्रात तट, बुरूज आणि चर्च ठसठशीत, मधली मोकळी जागा आखडलेली. असं चित्र उपग्रहचित्रावर कधीच बसणार नाही, बिंदू दोन द्या नाहीतर वीस द्या.

पण त्यात एक गोष्ट भरवशाची असते, ती म्हणजे क्रम. कोणत्या बुरुजानंतर कोणता बुरूज, दरवाजा कुठल्या दोन बुरुजांच्या मधे, कोणतं चर्च तटाला लागून आणि कोणतं आत. चित्रकार अंतर चुकेल, पण दरवाजाच्या डावीकडचा बुरूज उजवीकडे सहसा काढणार नाही. म्हणून संगणक बाजूला ठेवा आणि आराखड्याची छापील प्रत घेऊन तटाच्या कडेने चाला. शेजारच्या आजच्या चौल गावाकडून येणारा रस्ता जिथे तटातून आत शिरतो तिथून सुरुवात करा आणि समुद्राच्या दिशेने वळा. प्रत्येक बुरूज, प्रत्येक कोन, तट जिथे मोडलाय ती जागा, सगळं क्रमाने वहीत उतरवा. जिथे घरं किंवा बांबूची बेटं आडवी येतात तिथे तसं लिहा, अंदाजाने भरू नका. मग वहीतली रांग आणि आराखड्यातली रांग शेजारी ठेवून बघा. पाच-सहा ठिकाणं ओळीने जुळली की बाकीची आपोआप जागेवर येतात. तुमची वाडी कुठल्या दोन बुरुजांच्या सरळ आत आहे एवढं कळलं, तरी निम्मं काम झालं.

दुसरं, कोट एका दमात बांधलेला नाही. पोर्तुगीजांनी 1521 मध्ये बांधायला घेतलेला किल्ला लहान होता. शहराला वेढणारा मोठा तट पक्का झाला तो 1570-71 चा निजामशाही वेढा उठल्यानंतर. म्हणजे वाडीच्या मधोमध एखादा जाड तुकडा असला तर तो बाहेरच्या तटाचा नाही म्हणून लगेच चर्चचा धरायचा, असं करू नका. आधीच्या किल्ल्याचाही असू शकतो, मठाच्या आवाराचाही असू शकतो.

आता माझ्या कामाचं सांगतो. तुमच्याकडचा गावनकाशा एवढ्या बारीक शोधाला पुरायचा नाही. तो लहान प्रमाणावर उतरवलेला असतो, आणि गावठाण त्यात बहुतेक कोरंच असतं, कारण सारा शेतजमिनीला होता, घरांना नव्हता. तुम्ही वाडीच्या सर्व्हे नंबरचं मूळ टिपण मागा. टिपण म्हणजे मोजणीदाराने जागेवर उभं राहून काढलेली त्या नंबराची आकृती, कडेने मापं लिहिलेली. जुनी टिपणं मोडीत असतात, तेव्हा वाचणारं कुणी तरी बरोबर लागेल. मापं साखळी आणि आण्यांत असतात. साखळी 33 फुटांची, तिचे 16 आणे. 5 साखळ्या 8 आणे लिहिलं असेल तर ते झाले 181 फूट 6 इंच. आपला गुंठा यातूनच आला, एक साखळी लांब आणि एक साखळी रुंद, 1089 चौरस फूट.

टिपणात काय बघायचं? सरळ रेघ. अष्टागरातल्या वाड्यांच्या हद्दी कधी सरळ नसतात. पाट जसा वळतो, वई म्हणजे कुंपण जसं घातलं जातं, भावाभावांत वाटणी जशी होते, तशा त्या वळत जातात. अशा वळणावळणांत एखादी हद्द तुमच्या नंबरातून शेजारच्या नंबरात, तिथून त्याच्याही पुढच्या नंबरात एकाच ओळीत न मोडता गेलेली दिसली, तर तिच्याखाली जुनी भिंत किंवा जुना रस्ता आहे असं समजून शोधायला लागा. कोट 1740 मध्ये मराठ्यांकडे आला आणि इंग्रजी मोजणी त्यानंतर शंभराहून अधिक वर्षांनी झाली. तोवर फिरंग्यांच्या पडक्या घरांत माडपोफळी उभ्या राहिल्या होत्या. पण भिंत पाडण्यापेक्षा तिलाच गडगा, म्हणजे दगडी कुंपण, मानून दोन्हीकडे वाडी करणं सोपं. लोकांनी तेच केलं. भिंतीचे दगड नंतर कुणी घराला नेले तरी हद्द राहिली, आणि ती टिपणात उतरली.

म्हणून तुमच्या भिंतीची जाडी, लांबी आणि होकायंत्रावरची दिशा, या तीन गोष्टी आधी घ्या.

---

दर्यावर्दी

साखळी-शंकू काकांचं क्रमाबद्दलचं म्हणणं मला शंभर टक्के पटलं. मी बंदरात सर्व्हेच्या बोटीवर होतो, तेव्हा पाण्याच्या बाजूने सांगतो.

ताई, सागरी चार्टही शोधा. इंडियन नेव्हीच्या ए. डी. टेलरने 1850 च्या दशकात आपल्या पश्चिम किनाऱ्याची मोजणी केली, आणि पुढचे बरेच चार्ट त्यावर उभे आहेत. त्यात गाव जवळजवळ कोरं सापडेल, कारण तांडेलाला गावाशी काही देणंघेणं नाही. त्याला लागते दुरून दिसणारी खूण, मग ती कोर्लईची सोंड असो, चौलच्या टेकड्या असोत की एखादा उंच मनोरा. पण ज्या खुणा त्यात आहेत त्या कोन घेऊन पक्क्या केलेल्या असतात. तुम्हाला जुळवणीचे बिंदू हवे असतील तर ते इथून घ्या, 1635 च्या चित्रातून नको.

चार्टवरचे खोलीचे आकडे बहुतेक फॅदममध्ये, म्हणजे आपल्या वावेत. वाव 6 फुटांची. मात्र उथळ भागात फूटही वापरतात, तेव्हा शीर्षकाखालची बारीक ओळ वाचल्याशिवाय आकड्यांवर जाऊ नका. ही खोली सगळ्यात खालच्या ओहोटीच्या पातळीपासून मोजलेली असते, आणि किनाऱ्याची रेघ मात्र भरतीची. आपल्याकडे उधाणाला भरती-ओहोटीत तीन-साडेतीन मीटरचा फरक पडतो. सपाट पुळणीवर तेवढ्यात पाणी कितीतरी लांब मागे जातं. उपग्रहचित्र ओहोटीच्या वेळचं असेल तर 'समुद्र हटला' असं वाटेल, आणि भरतीचं असेल तर 'समुद्राने गाव खाल्लं'. चित्राची तारीख आणि वेळ काढून त्या दिवसाचं भरतीचं कोष्टक बघा, मगच बोला.

खाडीच्या अंगाला तर आणखी सांभाळून. कुंडलिका नदीच्या काठची खाजणं, म्हणजे खाऱ्या पाण्याखालच्या जमिनी, लोकांनी बांध घालून, उघाड्या (पाणी सोडायची दारं) ठेवून भाताखाली आणलीत. ते पिढ्यान्‌पिढ्या चालू आहे. बांध फुटला की तीच जमीन परत खारी होते, तिवरं उगवतात. जुन्या नकाशात जिथे खाडी आत शिरलेली दिसते आणि आज शेत आहे, तिथे नदीच सरकली असं नाही. बऱ्याच वेळा तिथल्या शेतकऱ्याच्या पणजोबाने बांध घातलेला असतो. त्या घरी जाऊन विचारा, सांगतात.

चौलचं बंदर गाळाने बसलं असं आपण सगळेच म्हणतो. गाळ आहेच. पण नुसता गाळ नाही. माल आणि गलबतं मुंबईकडे वळली, त्याचाही वाटा मोठा आहे. नुसत्या दोन नकाशांतल्या खोलीच्या फरकावरून बंदर का मेलं ते सांगता येत नाही.

---

नकाशावेडी

एक इंची शीटचं उत्तर माझ्याकडे आहे, थोडक्यात सांगते.

जुन्या शीटवरचे रेखांश मद्रासच्या वेधशाळेच्या जुन्या रेखांशावर बेतलेले असतात. तो आकडाच नंतर दुरुस्त झाला. शीटच्या समासात बारीक अक्षरांत तशी टीप असते आणि किती वजा करायचं ते दिलेलं असतं. बहुतेक शीटवर ही दुरुस्ती अडीच मिनिटांच्या जवळपास असते. आपल्या अक्षांशावर तेवढ्याने सव्वाचार किलोमीटरच्या आसपास फरक पडतो. तुमची शीट पूर्व-पश्चिमच सरकलेली असेल, उत्तर-दक्षिण जागेवर असेल, तर हेच कारण. दुरुस्ती करा आणि सॉफ्टवेअरमध्ये अक्षांश-रेखांशांची प्रणाली निवडताना आजची डब्ल्यूजीएस 84 न घेता जुन्या सर्व्हेची एव्हरेस्ट घ्या. उरलेली चूक विहिरी, तळी आणि देवळांवरून काढा. रस्त्यांवर विसंबू नका, ते रुंद होतात, वळणं काढली जातात.

ऑनलाइन संग्रहांत शोधताना चौलची स्पेलिंग बदलून बघा. सी-एच-ए-यू-एल, सी-एच-ओ-यू-एल, सी-एच-ई-यू-एल, तिन्ही चालतात. जिल्हा 'कुलाबा' टाका, रायगड हे नाव 1981 पासूनचं आहे. अमेरिकन लष्कराची अडीच लाखांच्या प्रमाणावरची शीट सहज मिळते, पण त्यात एका सेंटीमीटरमध्ये अडीच किलोमीटर मावतात. तुमच्या वाडीसाठी तिचा उपयोग नाही.

---

अष्टागरची लेक

सगळ्यांचे मनापासून आभार. शीटचं कोडं सुटलं. समासात टीप होतीच, दुरुस्ती केल्यावर गावातलं तळं तळ्यावर बसलं.

काका, मामेभावाला टेप घेऊन पाठवलं होतं. भिंत जवळपास चार फूट जाड, उभी आहे ती वीस-बावीस फूट लांब. दोन्ही अंगांना घडीव दगड, मधे चुना आणि बारीक दगडांची भर. एका अंगावर गिलाव्याचा पातळ थर अजून टिकलाय, दुसऱ्या अंगावर नाही. भिंतीच्याच रेषेत शेजारच्या वाडीत गडगा आहे, आणि तो त्यांच्या विहिरीपर्यंत सरळ जातो.

---

साखळी-शंकू

चार फूट म्हटल्यावर बाहेरचा तट बाद. समुद्राकडे जो तट उभा आहे त्याच्या जाडीशी एकदा ताडून बघा, फरक डोळ्यांना दिसेल. गिलावा एकाच अंगाला असेल तर ते अंग आतलं, म्हणजे छपराखालचं असण्याची शक्यता जास्त. पण दुसऱ्या अंगाला ऊनपाऊस जास्त लागून तो गळलाही असेल. म्हणून झाडांच्या सावलीत, मुळांच्या आड चुन्याचा अंश शिल्लक आहे का ते बघायला सांगा. भिंतीत तुळईची भोकं एका पातळीत दिसली तर ती मजल्याची इमारत. भोकं नाहीत आणि गडग्यासकट लांबी शे-दीडशे फुटांच्या पुढे गेली, तर मी मठाच्या आवाराची भिंत म्हणेन. आजच नक्की काही सांगत नाही.

पिंपळ आता उपटू नका. मुळं दगडांत शिरलेली असतात, ओढलं की भिंत खाली येईल.

अलिबागला उपअधीक्षक, भूमी अभिलेख यांच्या कार्यालयात नकलेचा अर्ज करताना फक्त तुमचा नंबर लिहू नका. गडगा ज्या शेजारच्या नंबरांतून जातो तेही लिहा, आणि टिपणाबरोबर फाळणीचा नकाशाही मागा. हिश्श्यांच्या हद्दी त्यात दिसतात. शेजाऱ्यांना आधी सांगा, नाहीतर हद्दीचा वाद उकरताय असा समज होऊन वाडीत पाऊल ठेवू देणार नाहीत. नकला मिळाल्या की सगळी पानं एकाच प्रमाणात आखून एकमेकांना जोडा आणि इथे टाका. मोडी मी वाचून देतो.

---

दर्यावर्दी

आणि मामांना म्हणावं, विक्रीची घाई नको. भिंतीचे फोटो काढताना प्रत्येक फोटोत मोजपट्टी धरा आणि कोणत्या दिशेला तोंड करून काढला ते लिहून ठेवा. पुरातत्त्वाच्या माणसाला दाखवायची वेळ आली तर पहिला प्रश्न तोच येतो.