गावच्या घरी न बोलावता येणारे पाहुणे

सुट्टीत गावी गेलं की माणसं मोजकी आणि बाकीचेच जास्त भेटतात, असं आमचं आहे. पुणे जिल्ह्यात ज्यांचं गावाकडचं घर आहे त्यांनी घरी-अंगणात येणाऱ्या प्राणी-पाहुण्यांबद्दल लिहा. अभयारण्यातलं नको, अंगणातलं. पडवीतली पालसुद्धा चालेल.

सुरुवात मीच करते. आजोळ मुळशी खोऱ्यात. मेच्या शेवटी एका रात्री माळ्यावरून शिजत्या आंबेमोहोराचा वास यायला लागला. चूल तर कधीच विझलेली. "मामी, भात कोण शिजवतंय?" ती कूस बदलत म्हणाली, "उदमांजर आलंय, झोप." सकाळी बॅटरी घेऊन शिडी चढले. फळीवर विष्ठा, त्यात जांभळाच्या अख्ख्या बिया, आणि आढ्यापाशी एक काळपट शेपूट लोंबतंय. दिवसभर जागचं हललं नाही. पुण्यात परतल्यावर वाचलं, की सुवासिक तांदळात आणि उदमांजराच्या गंधात एकच रसायन सापडतं. मामीला लगेच फोन केला. ती म्हणाली, "तुम्हाला वाचल्याशिवाय वास पण येत नाही का गं?"

आंबेगाव, भीमाशंकरच्या अलीकडे

मी मूळची हडपसरची. राज्यप्राणी शेकरू हे फक्त पाठ्यपुस्तकात. लग्नानंतर पहिल्या उन्हाळ्यात हिरडा वाळत घातला होता, तेवढ्यात वरून कैरीची साल डोक्यावर पडली. पाहते तर मागच्या पायांनी फांदी धरून उलटं लटकलेलं, पुढच्या दोन हातांत कैरी, आणि शेपूट दुसऱ्या बाजूला तोल सांभाळायला सोडलेलं. खाताना आमच्याकडे ढुंकून बघत नाही. झाडांवर त्याची एकाहून जास्त घरटी आहेत. सासरे म्हणतात, "याचे फ्लॅट बघ किती, कर्ज एकाचंही नाही."

जुन्नर

वाचून मजा वाटली, पण आमच्या पाहुण्याची मजा नाही वाटत. धरणं झाली, कालवे आले, ऊस आला आणि मागोमाग बिबट्या आला. उसात त्याला पाणी, आडोसा, डुकरं, कुत्री सगळं एका जागी. आणि आम्हाला पाण्याच्या मोटारीची लाईट रात्रीची. हातात काठी, मोबाईलवर मोठ्याने गाणी लावून उसाला पाण्याची दारे धरायला जायचं. सकाळी आपल्याच पावलांवर त्याचं पाऊल उमटलेलं दिसलं की घशाला कोरड पडते.

तरी एक सांगतो. तोडणीला सरीत तीन पिल्लं निघाली, मांजराएवढी. वनखात्याच्या लोकांनी संध्याकाळी त्याच जागी क्रेटमध्ये ठेवली आणि कॅमेरा लावला. पहाटे मादी आली, पंजाने क्रेट आडवा केला, एकेकाला मानेला धरून तीन खेपांत घेऊन गेली. आई हे व्हिडिओ बघून रडली. तिचीच शेळी त्याच हंगामात गेली होती.

(मुळशीवाली)

हे यायलाच हवं होतं. "मजा" म्हणताना मी फक्त माझा माळा बघत होते.

सुपे, बारामती

आमच्याकडे झाडी नाही, नुसतं माळरान. मयूरेश्वर अभयारण्य शेजारीच, त्यामुळे चिंकारे कुंपण ओळखत नाहीत. हरभऱ्यात येतात. चुलता हाकलायला निघतो, पण चप्पल मुद्दाम सावकाश शोधतो.

भोर

आमची धामण. सात-आठ फूट, भाताच्या कणगीमागे राहायची. पहिल्यांदा पाहिली तेव्हा मी सर्पमित्राला फोन लावला. आजोबांनी माझ्या हातातून मोबाईल घेतला आणि त्यालाच विचारलं, "धामण नेऊन सोडाल, मग उंदीर तुम्ही धरायला येणार का?" तो बिचारा हसला, बिनविषारी आहे, राहू द्या म्हणाला. नंतर कणगीकडे जाताना आजोबा आधी दारावर टिचकी मारायचे. आजोबा जाऊन तीन वर्षं झाली. कणगी आता रिकामीच असते, धामणही दिसत नाही. टिचकी मात्र मी अजून मारतो.