सुदानहून आलेल्या विद्यार्थ्याला मानसिक आधार कसा द्यावा?

प्रश्न – औषधनिर्माण_शिक्षक (छत्रपती संभाजीनगर)

नमस्कार. मी शहरातील एका महाविद्यालयात औषधनिर्माणशास्त्र शिकवतो. येमेन, सुदान, सोमालिया या देशांतील विद्यार्थी आमच्या शहरात वर्षानुवर्षे शिकायला येतात. त्यांपैकी सुदानचा एक मुलगा गेल्या काही महिन्यांपासून खचत चालला आहे. १५ एप्रिल २०२३ रोजी खार्तुममध्ये लष्कर आणि निमलष्करी दल यांच्यात युद्ध पेटले आणि त्याचे घर विखुरले. आई आणि बहिणी इजिप्तमध्ये पोहोचल्या. वडिलांचा ठावठिकाणा कधी लागतो, कधी लागत नाही. प्रात्यक्षिकाच्या वेळी तो आपला मोबाइल ब्युरेटच्या स्टँडशेजारी पडदा वर करून ठेवतो, कारण तिकडचे नेटवर्क केव्हा सुरू होईल याचा नेम नसतो. छातीत दडपण येते, रात्री झोप लागत नाही, अशी त्याची तक्रार आहे. ईसीजी व्यवस्थित आला. तपासणाऱ्या डॉक्टरांनी ‘टेन्शन घेऊ नको’ असे सांगून गोळ्या लिहून दिल्या, त्या त्याने घेतल्याच नाहीत.

मी समुपदेशनाचा विषय काढताच तो उठून गेला. मनोरुग्ण म्हणून कुठे नोंद झाली तर व्हिसाची मुदत वाढणार नाही, अशी धास्ती त्याने घेतली आहे, असे त्याच्या मित्राने सांगितले. त्यातच घरून येणारे पैसे थांबले आहेत, घरमालक खोली रिकामी करण्यासाठी मागे लागला आहे आणि कोपऱ्यावरच्या टपरीवर त्याच्या रंगावरून रोज शेरेबाजी होते. त्याची भाषा, धर्म आणि रंगामुळे वाट्याला येणारे अनुभव यांची जाण ठेवून मदत कशी करावी? अमेरिकेत कृष्णवर्णीय आणि स्थलांतरित समाजांमध्ये या दिशेने बरेच काम झाले आहे, असे वाचले. त्यातले आपल्याकडे काय उपयोगी पडेल?

उत्तर – मनोविकारतज्ज्ञ_नांदेड

सर, आधी त्याची भीती दूर करा, कारण ती दूर झाल्याशिवाय तो दारातून आत येणार नाही. मानसिक आरोग्य सेवा अधिनियम, २०१७ मधील कलम २३ नुसार रुग्णाची माहिती गोपनीय ठेवणे डॉक्टरांवर बंधनकारक आहे. त्याला काही मोजके अपवाद आहेत, उदाहरणार्थ जिवाला धोका असणे. परंतु महाविद्यालयाला सहज कळवून टाकणे हा त्यांतला अपवाद नव्हे. याच कायद्याच्या कलम ३ मध्ये असेही म्हटले आहे की, एखादी व्यक्ती विशिष्ट सांस्कृतिक, वांशिक किंवा धार्मिक गटाची आहे एवढ्यावरून तिला मानसिक आजार आहे असे ठरवता येत नाही. हे त्याला इंग्रजीत छापून हातात द्या. तोंडी दिलासा आणि कागद यांत फरक पडतो.

दुसरे म्हणजे, छातीतले दडपण हे ‘काही नाही’ असे समजू नये. आपल्याकडचे रुग्णसुद्धा मन उदास आहे असे क्वचितच सांगतात. अंग दुखते, डोके जड होते, जीव घाबरा होतो, असेच सांगतात. त्या तक्रारीपासूनच बोलणे सुरू करावे. २०१३ साली अमेरिकन मनोविकारतज्ज्ञांच्या संघटनेने निदानपुस्तिकेच्या पाचव्या आवृत्तीत १६ प्रश्नांची एक मुलाखत दिली आहे. तुमच्या मते हा त्रास कशामुळे होतो, तुमच्या घरचे किंवा समाजातले लोक याकडे कसे पाहतात, आजवर कोणाची मदत झाली, मदत घेताना काय आडवे आले, अशा स्वरूपाचे ते प्रश्न आहेत. मी बाह्यरुग्ण विभागात सगळे १६ कधीच विचारू शकत नाही, तेवढा वेळच नसतो. पण पहिले तीन-चार विचारले तरी पुढचा संवाद बदलतो.

मात्र ‘संस्कृती’ म्हणता म्हणता आजार नजरेआड होऊ देऊ नका. युद्ध पाहिलेल्या किंवा रोज फोनवर ऐकणाऱ्या माणसाला आघातोत्तर ताणाचा विकार किंवा गंभीर नैराश्य असू शकते, आणि दोन्हींवर उपचार आहेत. गोळ्या सुरू झाल्या आणि रमजान आला, तर वेळापत्रक डॉक्टरांशी बोलून बदलावे; रोजा आहे म्हणून औषध परस्पर बंद करू नये. मरणाचे बोलणे कानावर आले, तर त्याला त्याच दिवशी घाटीत, म्हणजे तुमच्या शहरातल्या शासकीय रुग्णालयात न्या, एकटे सोडू नका. १४४१६ हा टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा क्रमांक चोवीस तास चालतो. तिथे अरबी मिळण्याची अपेक्षा ठेवू नये, पण इंग्रजीत बोलता येते.

उत्तर – लातूरकर_शिकागो

मी मूळचा लातूरचा, सध्या शिकागोत सामाजिक कार्यकर्ता म्हणून काम करतो. इथल्या कृष्णवर्णीय लोकांचा मानसोपचारावर जो अविश्वास आहे, त्याला ‘अडाणीपणा’ म्हणणारे डॉक्टर मी पाहिले आहेत, म्हणून थोडा इतिहास सांगतो. १८५१ साली सॅम्युएल कार्टराइट नावाच्या डॉक्टराने, गुलामांनी मालकाकडून पळून जाणे हा एक मानसिक रोग आहे, असा शोधनिबंधच मांडला होता. १९३२ ते १९७२ अशी ४० वर्षे अलाबामातील टस्कीगी येथे कृष्णवर्णीय पुरुषांच्या उपदंशाचे (सिफिलिस या गुप्तरोगाचे) सरकारी आरोग्य खात्याने केवळ निरीक्षण केले. त्यावरचे औषध पेनिसिलीन उपलब्ध झाल्यावरही ते त्यांना दिले नाही. आजही सारख्याच लक्षणांवर कृष्णवर्णीय रुग्णाच्या कागदावर स्किझोफ्रेनिया या गंभीर मनोविकाराचा शिक्का अधिक वेळा बसतो, हे अनेक अभ्यासांत आढळले आहे. हा संशय अनुभवातून आला आहे आणि समोरच्याने तो गृहीत धरूनच सुरुवात करायला हवी.

उपाय म्हणून जे टिकले, ते लोकांच्या ओळखीच्या जागेत गेलेले आहे. १९४६ साली न्यूयॉर्कच्या हार्लेम या कृष्णवर्णीय वस्तीत एका चर्चच्या तळघरात मानसोपचारासाठी लाफार्ग क्लिनिक सुरू झाले. २५ सेंट शुल्क होते, तेही परवडेल त्यालाच. आता चर्चमध्ये, केशकर्तनालयांत प्राथमिक ऐकण्याचे प्रशिक्षण दिले जाते. पण एक गोष्ट इथून आंधळेपणाने उचलू नका. ‘कृष्णवर्णीय’ हा एकच समाज नव्हे. ज्याच्या पूर्वजांना गुलाम म्हणून आणले त्याचे दुखणे वेगळे, मिनियापोलिसमध्ये निर्वासित म्हणून आलेल्या सोमाली कुटुंबाचे वेगळे. तुमचा विद्यार्थी स्वतःला आधी सुदानी म्हणवतो, अरबीभाषक म्हणवतो, मुसलमान म्हणवतो की आणखी काही, हे त्यालाच विचारा. टपरीवरच्या पोरांनी दिलेली ओळख त्याच्यावर आपणही लादू नये.

उत्तर – कोयता_ते_कोपी (बीड)

मी ऊसतोड कामगारांच्या वस्त्यांवर आरोग्याचे काम करते. अनुभव तुमच्या प्रश्नापासून फार दूरचा नाही, कारण दिवाळीनंतर गाव सोडून जाणारी आमची माणसेही दुसऱ्या मुलखात परकीच असतात. फडाशेजारच्या कोपीत (झोपडीत) एखादी बाई ‘अंगात कणकण आहे, काम होत नाही’ म्हणते. मुकादम उभा असेल तोवर ती तेवढेच म्हणते. तो लांब गेला की उचलीचा (त्याच्याकडून आगाऊ घेतलेल्या पैशांचा) आकडा निघतो, गावी आजीजवळ ठेवलेली पोर निघते, नवऱ्याची दारू निघते. म्हणून पहिला नियम असा की, ज्याच्याशी पैशाचा किंवा सत्तेचा संबंध आहे त्याला मध्यस्थ करू नये.

तुमच्या बाबतीत याचा अर्थ असा, सर, की दुभाषा म्हणून हाताशी आलेला कोणताही सुदानी विद्यार्थी घेऊ नका. तिथे युद्ध आपसांत चालू आहे. दोघांची घरे विरुद्ध बाजूंची असू शकतात, आणि इथे बोललेले शब्द तिकडच्या नातेवाइकांपर्यंत पोहोचू शकतात. दुभाषा कोण हवा, हे त्यालाच ठरवू द्या. एखादा येमेनी विद्यार्थीही चालेल, अरबी समजते. नाहीतर मोडक्या इंग्रजीत का होईना, दोघांनीच बोला.

आणि खरे सांगायचे तर आधी खोलीचा प्रश्न सोडवा. समुपदेशक कितीही चांगला असला, तरी पुढच्या महिन्यात सामान रस्त्यावर येणार असेल तर झोप कशी लागेल? झिम्बाब्वेत २००६ साली मनोविकारतज्ज्ञ डॉ. डिक्सन चिबांडा यांनी दवाखान्याबाहेरच्या बाकावर प्रशिक्षित आजीबाई बसवल्या. त्या आधी माणसाच्या अडचणी ऐकतात, त्यातली एक निवडायला लावतात आणि तिच्यावर मार्ग काढायला मदत करतात. आफ्रिकेतून शिकायचे तर हे शिकण्यासारखे आहे, आणि आपल्या आशाताईंना जमण्यासारखेही आहे.

उत्तर – खडकीचा_रहिवासी

टपरीवरच्या पोरांना एवढे तरी सांगा की, हे शहर खडकी या नावाने वसवणारा मलिक अंबर हा इथिओपियातून आलेला हबशी होता. त्याची कबर खुलताबादला आहे आणि शहराला एकेकाळी पाणी देणारी नहर-ए-अंबरी त्याच्याच नावाची आहे. मनाचा उपचार डॉक्टर करतील, परंतु शेरेबाजी थांबवणे हे डॉक्टरांचे काम नाही, ते आम्हा शेजाऱ्यांचे आहे. टपरीवाल्याशी मी बोलायला तयार आहे. घरमालकाशी मात्र महाविद्यालयाने बोलावे. आमचे तो ऐकणार नाही.

औषधनिर्माण_शिक्षक

सर्वांचे आभार. वसतिगृहात या सत्रापुरती एक जागा मिळेल, असे प्राचार्यांनी कळवले आहे. शुल्काच्या हप्त्यांचा अर्ज आज दिला. दुभाषाबाबत ताईंनी दिलेला इशारा माझ्या ध्यानीमनी नव्हता. मी त्याच्याच देशाच्या एका ज्येष्ठ विद्यार्थ्याला बोलावणार होतो. मग माझ्या विद्यार्थ्यालाच विचारले, तेव्हा त्याने प्रयोगशाळेतील एका सोमाली मुलाचे नाव सुचवले, त्या मुलाला अरबी चांगली येते. डॉक्टर, पहिल्या भेटीला मी सोबत यावे की बाहेर थांबावे?

मनोविकारतज्ज्ञ_नांदेड

हे त्यालाच विचारा, पण दुभाष्याच्या माध्यमातून नव्हे. तो ‘या’ म्हणाला तर सुरुवातीची पाच-दहा मिनिटे बसा, पैशांचे आणि खोलीचे काय झाले तेवढे सांगा आणि उठा. त्याचे गुण तुमच्या हातात आहेत, तेव्हा त्यानंतरचे तुमच्यासमोर तो बोलणार नाही. जाताना जुन्या गोळ्यांचे पाकीट आणि ईसीजीचा कागद बरोबर असू द्या.