मदत हवी आहे: सप्ताहातलं कीर्तन लाइव्ह दाखवायचंय, रोज पावणेअकराला तुटतं

राम कृष्ण हरी मंडळी.

आमचं गाव धारूर तालुक्यात, बालाघाटाच्या कुशीत. माघात अखंड हरिनाम सप्ताह असतो आणि नेमकं तेव्हाच अर्धं गाव ऊसतोडीला गेलेलं असतं. गावात राहतात म्हातारी माणसं अन् शाळेची पोरं. मागच्या साली कोपीवरून, म्हणजे ऊसतोडवाल्यांच्या झोपड्यांवरून, फोन यायला लागले, 'कीर्तन मोबाईलवर दाखवा की', म्हणून मी यूट्यूबवर लाइव्ह सुरू केलं. हौसेनं केलं आणि आठवडाभर बोलणी खाल्ली.

सामान म्हणजे माझा 4जी मोबाईल, एक ट्रायपॉड आणि लांब वायरचा चार्जर. मोबाईलवरून लाइव्ह करायला 50 सबस्क्रायबर लागतात, ते पोरांनी एका संध्याकाळी भरून दिले. पण पहिल्यांदा लाइव्ह सुरू व्हायला 24 तासांपर्यंत थांबावं लागतं हे मला ठाऊक नव्हतं. पहिल्या दिवसाचं कीर्तन त्यातच गेलं.

पुढं रोज रात्री 9 ते 11 चालवलं. ॲपमध्ये 720पी आणि बिटरेट, म्हणजे सेकंदाला किती डेटा पाठवायचा तो आकडा, 2500 केबीपीएस ठेवला होता. पावणेअकरा वाजले की चित्र अडकायचं, गोल फिरायचं, संपलं. एका चुलतीचा फोन आला, "महाराज मधीच उठून गेले का रे?" टॉवर डोंगराच्या पलीकडं आहे आणि मांडवात तीनशे मोबाईल, त्यामुळं असं होत असावं असा माझा अंदाज.

आवाजाची वेगळीच तऱ्हा. मोबाईलच्या माईकवर नुसते टाळ वाजायले, महाराज कुठं आहेत पत्ता नाही. पाचव्या दिवशी साउंडवाल्यानं मिक्सरमधून वायर काढून दिली, ती मी सरळ मोबाईलच्या भोकात खुपसली. आवाज आला, पण फाटका, आणि मागं भुंगा शिरल्यासारखी सतत घूंऽऽ.

काल्याच्या दिवशी कीर्तन 10 ते 12, डोक्यावर ऊन. चाळीस मिनिटांत मोबाईल तव्यासारखा तापला आणि आपोआप बंद पडला. ऐन दहीहंडीला.

यंदा वर्गणीतून 15 हजार देतो म्हणालेत. कमिटीचं म्हणणं, चांगला कॅमेरा घ्या. मला वाटतं दोष दुसरीकडंच आहे, पण नेमका कुठं ते कळंना. जाणकारांनी सांगावं.

प्रतिसाद

कॅमेरा घ्याच. आमच्याकडं ड्रोनसुद्धा उडवतात. कळसावरून काय दिसतं म्हणता!

प्रतिसाद

ड्रोन राहू द्या, त्याच्या पंख्याच्या आवाजात पखवाजसुद्धा ऐकू यायचा नाही.

दादा, मी लातूरकडं जत्रेतल्या कुस्त्यांचं लाइव्ह करतो. कॅमेऱ्यावर एक रुपया घालू नका. तुमची तीन दुखणी आहेत आणि तिन्हीचा एकमेकांशी संबंध नाही.

रोज ठरल्या वेळेलाच तुटतं म्हटल्यावर मला पहिला संशय रिचार्जचा. टॉवरला घड्याळ नसतं. तुमचं पॅक रोज 2 जीबीचं आहे का? बिटरेटचे 2500 चित्राचे आणि 128 आवाजाचे धरले तर तासाला जवळपास 1.2 जीबी जाते. म्हणजे पावणेदोन तासांत 2 जीबी साफ. त्यानंतर स्पीड एवढा पाडतात की साधा फोटो जाईना. आपण बघतो तोच डेटा मोजतात असं पुष्कळांना वाटतं, पाठवतो तोही मोजतात. त्या आठवड्यासाठी वेगळं मोठं पॅक घ्या. टॉवरला मी अगदी निर्दोष म्हणत नाही. आधीच्या रात्री साडेनऊला, मांडवात माणसं असताना स्पीड तपासा, अपलोडचा आकडा बघा. 5 एमबीपीएसच्या खाली दिसला तर बिटरेट 1500 वर आणा. कोपीतल्या छोट्या मोबाईलवर चित्रातला फरक कुणाला कळत नाही, आवाजातला लगेच कळतो.

आवाज फाटतो कारण मिक्सरमधून येतो तो लाइनचा दमदार सिग्नल आणि मोबाईलचं भोक माईकच्या बारीक सिग्नलसाठी असतं. लाइन-इन, म्हणजे असा दमदार सिग्नल घेणारं भोक, असलेलं यूएसबी साउंड कार्ड मध्ये टाका. मोबाईलला ते चालतं का, हे दुकानातच लावून बघा. घूंऽऽ मात्र बहुतेक चार्जरची आहे. मिक्सर आणि मोबाईलचा चार्जर एकाच जनरेटरवर असले की वायरींमधून तो गुणगुणाट फिरतो. चार्जर काढून पॉवर बँक लावा, गेली तर गेली. लाईट जाऊन जनरेटर सुरू होईपर्यंतची तीन-चार मिनिटंही त्यात निभतात.

काल्याला मोबाईल सावलीत ठेवा, कव्हर काढा, स्क्रीनचा उजेड कमी करा. भरउन्हात चार्जिंग चालू ठेवलं की तो दुप्पट तापतो, म्हणून सकाळी पूर्ण भरून घ्या आणि शेजारी छोटा पंखा लावा. ओला रुमाल गुंडाळू नका, हे करणारे भेटलेत म्हणून सांगतो.

आणखी एक. कीर्तनाआधी साउंडवाला रेकॉर्ड केलेली भक्तिगीतं लावतो, ती लाइव्हमध्ये घेऊ नका, कॉपीराइटची सूचना येते. महाराजांनाही आधी विचारा. काहींचं स्वतःचं चॅनल असतं, त्यांना चालत नाही.

मूळ प्रश्नकर्ता

दादा, पॅक 2 जीबीचंच! आठवडाभर मी टॉवरच्या नावानं बोटं मोडली. साउंड कार्ड नि पॉवर बँक घेतो.

एक राहिलं. ग्रामपंचायतीत भारतनेटची (सरकारी इंटरनेटची) फायबर आलीय, ग्रामसेवक द्यायला तयार आहेत. पण पंचायत ते मांडव अंतर साधारण 140 मीटर. लॅनची वायर तेवढी चालंल का?

प्रतिसाद

चालणार नाही. लॅन 100 मीटरपर्यंतच. मध्ये एक छोटा स्विच टाका आणि मांडवात वायफाय राउटर. स्विचला लाईट लागते, म्हणून वाटेतलं एखादं घर किंवा दुकान बघा. वायर रस्त्यावरून टाकू नका, ट्रॅक्टरखाली जाईल.

मूळ प्रश्नकर्ता

वाटेत बरोबर किराणा दुकान आहे. मालक ऊसतोडीलाच गेलाय, पण किल्ली त्याच्या आईकडं असती. उद्याच विचारतो.